मुक्त पाठ्यपुस्तकासाठी ग्रँट: अर्ज भरण्याआधी तास मोजा

फेब्रुवारी-मार्च आला की अमेरिकेतल्या पुष्कळ कॉलेजांत लायब्ररीकडून एक मेल फिरतो. मुक्त पाठ्यपुस्तक लिहायला किंवा असलेलं पुस्तक आपल्या वर्गासाठी बदलून घ्यायला ग्रँट उपलब्ध आहे, अर्जाची मुदत अमुक तारीख. त्या आठवड्यात ओळखीच्या दोन-तीन मराठी प्राध्यापकांचे फोन मला ठरलेले. "ताई, भरू का अर्ज? रक्कम बरी दिसतेय." मी त्यांना उलट विचारते, येत्या वर्षभरात या कामाला तुमच्याकडे तास किती आहेत? ते कागदावर लिहून काढा, मग बोलू.

मी एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात, संख्याशास्त्र शिकवते. अशी ग्रँट मी तीनदा घेतली. पहिल्यांदा उत्साहाच्या भरात बारा प्रकरणांचं अख्खं नवं पुस्तक लिहीन म्हणून प्रपोजल दिलं. वर्ष सरलं तेव्हा सातच प्रकरणं झाली होती, उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली होती आणि पुण्याचं तिकीट रद्द करावं लागलं होतं. पुढच्या दोन्ही वेळी दुसऱ्यांनी लिहिलेलं मुक्त पुस्तक घेऊन ते बदललं. दोन्ही कामं मुदतीत झाली आणि ती पुस्तकं आमच्या विभागात अजून चालतात. त्या अनुभवातून हे लिहिते आहे. बराचसा भाग अमेरिका-कॅनडात शिकवणाऱ्यांसाठी आहे, शेवटचा थोडा महाराष्ट्रात शिकवणाऱ्यांसाठी.

ही ग्रँट देतं कोण, आणि किती

पुस्तक फुकट वाचता आलं म्हणजे ते मुक्त झालं, असं नाही. मुक्त पुस्तक कायमचं जवळ ठेवता येतं, वर्गात वापरता येतं, बदलता येतं, दुसऱ्या साहित्यात मिसळता येतं आणि पुन्हा वाटता येतं. मुक्त शिक्षणाचे पुरस्कर्ते डेव्हिड वायली यांनी मांडलेले हे पाच हक्क आज जगभर कसोटी म्हणून वापरले जातात. हे हक्क बहुतेक वेळा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (थोडक्यात 'सीसी') तयार परवान्याने दिले जातात.

ग्रँटचे आकार फार वेगवेगळे असतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट कॅम्पसने २०११ मध्ये हजार-हजार डॉलरच्या छोट्या ग्रँटपासून सुरुवात केली. त्या देण्यात प्रोव्होस्टचं (विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रमुखाचं) ऑफिस आणि लायब्ररी दोघांचा हात होता, आणि तोच नमुना पुढे अनेक कॉलेजांनी उचलला. जॉर्जिया राज्याच्या विद्यापीठ यंत्रणेत 'अफोर्डेबल लर्निंग जॉर्जिया' २०१४ पासून प्राध्यापकांच्या गटांना ग्रँट देतं. तिथे एका सदस्यामागे ५,००० डॉलरपर्यंतची रक्कम असायची. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१२ मध्ये सर्वाधिक विद्यार्थी असलेल्या ४० विषयांसाठी मुक्त पुस्तकांचा प्रकल्प जाहीर केला आणि तो बीसी-कॅम्पस या प्रांताच्या संस्थेकडे सोपवला. अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याचा मुक्त पाठ्यपुस्तकांचा पथदर्शी कार्यक्रम २०१८ मध्ये ५० लाख डॉलरने सुरू झाला, आणि त्यातली जवळजवळ सगळी रक्कम डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लिब्रेटेक्स्ट्स या मुक्त पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहाला गेली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कम्युनिटी कॉलेजांत पुस्तकखर्च शून्य असलेले पदवी-अभ्यासक्रम उभे करायला साडेअकरा कोटी डॉलर ठेवले.

केंद्र सरकारची ग्रँट एकट्या प्राध्यापकासाठी नसते. तिला अनेक कॉलेजांची मिळून मांडणी लागते. पहिला अर्ज आपल्या कॉलेजच्या किंवा राज्याच्या छोट्या ग्रँटसाठीच करा.

आधी पुस्तक शोधा

अर्ज उघडण्यापूर्वी तीन ठिकाणं धुंडाळा: राइस विद्यापीठाचं मुक्त पुस्तकांचं प्रकाशन ओपनस्टॅक्स, मिनेसोटा विद्यापीठातून सुरू झालेली ओपन टेक्स्टबुक लायब्ररी आणि लिब्रेटेक्स्ट्स. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विषय असेल तर तिथे काही ना काही सापडतंच. ओपनस्टॅक्सचं संख्याशास्त्राचं पुस्तकही डी अँझा कॉलेजातल्या दोन प्राध्यापिकांनी आपल्या वर्गासाठी लिहिलेल्या जुन्या पुस्तकातून उभं राहिलं आहे.

सापडलेलं पुस्तक चाळून मत बनवू नका. सिलॅबस समोर ठेवा आणि प्रत्येक आठवड्यासमोर लिहा: या पुस्तकातलं कुठलं प्रकरण चालेल, काय गाळावं लागेल, काय घालावं लागेल, कुठली उदाहरणं बदलावी लागतील. दोन-तीन संध्याकाळचं काम आहे. पुढे हाच तक्ता प्रपोजलचा गाभा होतो, म्हणून वेळ फुकट जात नाही. माझ्या दुसऱ्या ग्रँटच्या वेळी या तक्त्यावरून कळलं की बारापैकी आठ प्रकरणं जशीच्या तशी चालतात आणि खरी अडचण उदाहरणांत आहे. आमच्याकडे निम्मे विद्यार्थी नर्सिंगकडे जाणारे आणि पुस्तकातली उदाहरणं अमेरिकन फुटबॉल आणि फाशांची. मग मी रक्तदाब, औषधाची मात्रा, रुग्णांचा प्रतीक्षाकाळ यांवर गणितं लिहिली. प्रपोजल त्या एका मुद्द्यावर उभं राहिलं.

परवान्याचं पान वाचा

इथे चुकलात तर सहा महिन्यांचं काम मागे घ्यावं लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सर्वात मोकळा परवाना सीसी बाय. मूळ लेखकाचं श्रेय द्या आणि हवं ते करा. त्याला 'एसए' जोडलं असेल तर तुमचं बदललेलं पुस्तकही त्याच अटींवर द्यावं लागतं. 'एनसी' असेल तर व्यावसायिक वापर करता येत नाही. 'एनडी' असेल तर बदललेली आवृत्ती वाटताच येत नाही. भाषांतरही बदलच धरला जातो, म्हणून एनडी पुस्तकाचं मराठी करून ते प्रसिद्ध करायचं तर स्वतंत्र परवानगी लागते.

पुस्तकं मिसळताना पेच पडतो. बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए अशा दोन पुस्तकांतला मजकूर एकजीव करून एक नवं प्रकरण तयार करता येत नाही, कारण दोन्ही परवाने 'माझ्याच अटी लावा' म्हणतात आणि अटी जुळत नाहीत. बऱ्याच ग्रँट योजना तयार होणारं पुस्तक सीसी बायखालीच मागतात. तुमचं मूळ पुस्तक बाय-एनसी-एसए असेल तर ती अट तुम्हाला पाळताच येणार नाही. ओपनस्टॅक्सची बरीच पुस्तकं सीसी बायची आहेत, पण त्यांचं कॅल्क्युलस पहिल्यापासून बाय-एनसी-एसए आहे. आवृत्तीगणिक परवाना बदलूही शकतो, तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका. तुमच्या हातातल्या आवृत्तीचं कॉपीराइटचं पान उघडा आणि त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

चित्रं वेगळी तपासा. पुस्तक मुक्त असलं तरी त्यातला एखादा फोटो परवानगी घेऊन छापलेला असू शकतो, आणि ती परवानगी तुम्हाला लागू होत नाही.

तासांचा हिशेब

माझ्या वहीतले आकडे देते. ते माझ्या विषयाचे आणि माझ्या वेगाचे आहेत, पण अंदाजाला चालतील. असलेलं प्रकरण बदलायला, म्हणजे उदाहरणं, स्वाध्याय, आकृत्या, तपासणी धरून, साधारण १५ तास लागतात. नवं प्रकरण शून्यातून लिहायला ७०.

ग्रँट ५,००० डॉलरची आणि पुस्तक बारा प्रकरणांचं धरा. बदलायचं असेल तर १८० तास, म्हणजे तासाला सुमारे २८ डॉलर. नवं लिहायचं तर ८४० तास, तासाला ६ डॉलरसुद्धा पडत नाहीत. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन सव्वासात डॉलर आहे, आणि वरचा आकडा तर कर कापण्याआधीचा. पहिल्या वेळी हा गुणाकार-भागाकार मी केला असता तर सात प्रकरणांचंच प्रपोजल दिलं असतं.

नवं पुस्तक लिहूच नका असं मी म्हणत नाही. तुमच्या विषयात मुक्त पुस्तक खरोखरच नसेल तर ते लिहिण्यासारखं दुसरं समाधान नाही. मात्र मग ग्रँट दोन-तीन सहकाऱ्यांत मिळून मागा, किंवा चार प्रकरणांचा पहिला भाग मागा आणि तो पूर्ण करून दाखवा. पूर्ण झालेल्या चार प्रकरणांवर पुढची ग्रँट मिळते.

पैसे हातात कसे येतात

छोट्या ग्रँटचे पैसे बहुधा पगारातून, जादा मोबदला म्हणून येतात. म्हणजे त्यावर आयकर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कापलं जातं. दुसरा मार्ग म्हणजे एका कोर्सची सूट: एक वर्ग कमी शिकवायचा आणि तुमच्या जागी शिकवणाऱ्याचा खर्च ग्रँटमधून द्यायचा. निवड करता येत असेल तर सूट घ्या. पैशाने तास वाढत नाहीत. चार वर्ग शिकवून रात्री दहानंतर लिहिलेल्या प्रकरणात चुका फार राहतात. काही योजना अर्धी रक्कम सुरुवातीला आणि अर्धी रिपोर्टनंतर देतात, तेही विचारून घ्या.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण हे फोनवर हमखास निघतं. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असेल तर काम फक्त ज्याने व्हिसा केला त्या संस्थेसाठीच करता येतं. राज्याची ग्रँट तुमच्या कॉलेजकडे आली आणि कॉलेजने पगारातून दिली तर सहसा अडचण येत नाही. पण दुसऱ्या कॉलेजने किंवा बाहेरच्या संस्थेने थेट तुमच्या नावे चेक दिला तर मोठी अडचण होऊ शकते. अर्जावर सही करण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा. आणि ग्रँटमधून एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्या विद्यार्थ्याला मदतीला घेणार असाल तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच्या सगळ्या कामांचे मिळून आठवड्याला २० तास ही त्याची मर्यादा आहे. तो आधीच लायब्ररीत १५ तास काम करत असेल तर तुमच्या वाट्याला पाचच उरतात.

प्रपोजल

ते वाचणाऱ्या समितीत एक-दोन ग्रंथपाल, एक इन्स्ट्रक्शनल डिझायनर (कोर्सच्या आखणीत मदत करणारा) आणि बाकीचे दुसऱ्या विषयांचे प्राध्यापक असतात. तुमचा विषय त्यांना येत नाही, म्हणून विषयाची थोरवी सांगण्यात जागा घालवू नका. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: किती विद्यार्थ्यांना उपयोग होईल, काम पूर्ण होईल का, आणि तुम्ही कॉलेज सोडलंत तर पुस्तक चालू राहील का.

पहिल्याचं उत्तर हिशेबाने द्या. समजा वर्षाला १२ वर्ग, वर्गात ३० विद्यार्थी, म्हणजे ३६०. नवं पुस्तक ११० डॉलरला असेल तर बचत ३९,६०० डॉलर. पण सगळे नवं घेत नाहीत. कुणी भाड्याने घेतं, कुणी जुनं, कुणी घेतच नाही. भाडं ४५ डॉलर असेल तर त्या भावाने १६,२०० होतात. दोन्ही आकडे द्या. फक्त मोठा आकडा दिला की समितीतला जाणता माणूस लगेच त्यावर प्रश्नचिन्ह लावतो. किंमत कॉलेजच्या बुकस्टोअरच्या यादीतून घ्या. २००८ च्या उच्चशिक्षण कायद्यामुळे पुस्तकांची माहिती आणि किंमत नोंदणीच्या वेळी दाखवणं कॉलेजांना बंधनकारक आहे. पुस्तकासोबत गृहपाठाच्या वेबसाइटचा अ‍ॅक्सेस कोड विकत घ्यावा लागत असेल तर ती किंमत धराच, आणि त्या जागी काय वापरणार तेही लिहा. गणित-संख्याशास्त्राला मायओपनमॅथ ही गृहपाठाची वेबसाइट फुकट आहे. ही सोय नसेल तर पुस्तक मुक्त करूनही विद्यार्थी कोडचे पैसे भरतच राहतात.

दुसऱ्याचं उत्तर म्हणजे तो सिलॅबसचा तक्ता आणि महिन्यांचं वेळापत्रक. तिसऱ्यासाठी विभागाच्या चेअरचं पत्र घ्या, आणि त्यात "आम्ही पाठिंबा देतो" एवढंच नको. किती वर्ग हे पुस्तक वापरतील आणि पुढे दुरुस्त्या कोण करेल हे त्यात यावं. तुमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी असतील तर त्यांना आधी भेटा. कित्येक कॉलेजांत निम्म्याहून जास्त वर्ग तेच घेतात. आमच्या विभागात एका सहकाऱ्याने पहिला मसुदा वाचून वीस चुका काढल्या. त्याच्यासाठी बजेटमध्ये एक पैसाही ठेवला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. समीक्षकासाठी रक्कम ठेवाच, मग ती थोडी का असेना.

सही करण्याआधी

ग्रँट मंजूर झाली की करारपत्र येतं. त्यात दोन ओळी शोधा: कॉपीराइट कुणाचा, आणि परवाना कोणता. पाठ्यपुस्तकाचा हक्क प्राध्यापकाचा असं पुष्कळ कॉलेजांचं धोरण असतं, पण कॉलेजने खास पैसे देऊन करवून घेतलेल्या कामाला वेगळा नियम असू शकतो. आणि लक्षात ठेवा, क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की ज्यांनी घेतला त्यांच्याकडून परत घेता येत नाही. उद्या एखाद्या प्रकाशकाने विचारलं तर हातात काय राहील, याचा विचार आज करा.

बढतीसाठी हे काम धरलं जाईल का हेही याच वेळी डीनला विचारा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने आपल्या बढतीच्या मार्गदर्शिकेत मुक्त शैक्षणिक साधनांचा उल्लेख केला आहे. असा दाखला हातात असला की बोलणं सोपं जातं.

काम करताना

लिहायचं कशात, याचा फार घोळ घालू नका. कॉलेजकडे प्रेसबुक्स हे ऑनलाइन पुस्तकं बनवायचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात, गणित जास्त असेल तर लिब्रेटेक्स्ट्स किंवा प्रीटेक्स्टमध्ये. मसुदा गूगल डॉक्समध्ये झाला तरी चालतो.

श्रेयाची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. एक साधी शीट करा: काय घेतलं, कुणाचं, कुठून, कोणत्या परवान्याखाली, आणि तुम्ही त्यात काय बदललं. शेवटी करू म्हटलं की होत नाही. मी एका आकृतीचं मूळ शोधायला दोन दिवस घालवले आणि अखेर ती नव्याने काढली.

अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी लागणारी कामंही सोबतच करा. प्रत्येक आकृतीला वर्णन, तक्त्याला शीर्षक-ओळ, आणि समीकरणं चित्र म्हणून न चिकटवता स्क्रीन रीडरला वाचता येतील अशी. सरकारी कॉलेजांच्या वेब-साहित्याने डब्ल्यूसीएजी २.१ या वेब-सुगम्यतेच्या निकषांची एए पातळी गाठावी, असा अमेरिकेच्या न्याय खात्याचा एप्रिल २०२४चा नियम आहे. पण माझ्यासाठी कारण त्याहून साधं आहे. माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थी होता. पहिल्या पुस्तकातल्या आलेखांवर त्याचा रीडर फक्त "चित्र" एवढंच म्हणायचा.

पूर्ण पुस्तक एकदम सगळ्या वर्गांना देऊ नका. एका सेमिस्टरला दोन वर्ग घ्या, विद्यार्थ्यांना चुका कळवायला फॉर्म द्या, सुट्टीत दुरुस्त करा. काहींना कागदच लागतो, म्हणून छापील प्रत कमी खर्चात कुठे मिळेल ते बुकस्टोअरशी ठरवून ठेवा.

रिपोर्ट

शेवटच्या रिपोर्टात विद्यार्थीसंख्या, बचत आणि निकाल मागतात. डी किंवा एफ या तळाच्या श्रेणी मिळवणारे आणि मध्येच कोर्स सोडणारे यांचं प्रमाण आधीच्या दोन-तीन सेमिस्टरचं काढून ठेवा. नंतर ते मिळवायला वेळ लागतो. प्रमाण थोडं सुधारलं म्हणून सगळं श्रेय पुस्तकाला देऊ नका. दोन वर्गांचा नमुना लहान असतो, संख्याशास्त्र शिकवणारीने तरी एवढं पाळलंच पाहिजे. विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणावर पुढे पेपर लिहायचा असेल तर संस्थेच्या आयआरबीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीची, मान्यता सर्वेक्षणाच्या आधी घ्या.

महाराष्ट्रात शिकवत असाल तर

आपल्याकडे कॉलेज पातळीवर अशी ग्रँट देण्याची रीत अजून रुळलेली नाही, पण दारं आहेत. यूजीसीने जुलै २०२४ मध्ये 'अस्मिता' प्रकल्प जाहीर केला: पाच वर्षांत २२ भारतीय भाषांत २२,००० पुस्तकं. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकीची मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात. अशा कामात सहभागी होताना आयोजकांना सरळ विचारा की पुस्तक कोणत्या परवान्याखाली निघणार. नुसतं "मोफत" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, कारण बदलायचा आणि वाटायचा हक्क नसेल तर पुढच्या वर्षी सिलॅबस बदलल्यावर ते पुस्तक तुमच्या हातून दुरुस्त होणार नाही. गुणांचंही बघा: यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत अनुवादित पुस्तकाला ८ गुण आहेत आणि अनुवादित प्रकरणाला ३.

ग्रँटची वाट न पाहताही सुरुवात होते. सीसी बाय पुस्तकाचं मराठी करायला कुणाची परवानगी लागत नाही. श्रेय, मूळ पुस्तकाचा दुवा, परवान्याचं नाव आणि "हा अनुवाद आहे" ही नोंद पुरते. पोलंडमध्ये ओपनस्टॅक्सचं भौतिकशास्त्र असंच पोलिश भाषेत गेलं. संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर शोधता येतात. पण कोशातला शब्द आणि मुलांनी शाळेत शिकलेला शब्द वेगळा असेल तर मी शाळेतला घेते. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक शिकून आलेल्या मुलांना अकरावीनंतर तेच शब्द भेटले पाहिजेत. मी सध्या पहिलं प्रकरण याच पद्धतीने करते आहे, आणि नाशिकला अकरावीला शिकवणारी माझी मावसबहीण ते दर रविवारी वाचून लाल शाईने परत पाठवते.